जीजी कॅप्सूल : जिवंत किती ते छापलंय, केसाळ किती ते नाही

अक्कलदाढ काढली तेव्हा डेंटिस्टने पाच दिवसांचं अँटिबायोटिक दिलं आणि माझं पोट म्हणजे अँटिबायोटिकचं नुसतं नाव ऐकलं तरी रुसणारं, म्हणून मेडिकलवाल्याकडे सोबत प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला चांगल्या जिवंत जंतूंची कॅप्सूल, मागितलं. त्याने काउंटरवर चार पाकिटं टाकली, "कुठलंही घ्या, सगळे सारखेच." सारखे नसतात हो. मी एमएस्सी मायक्रो केलंय, आता नोकरी भलत्याच फील्डमध्ये आहे पण खाज गेली नाही, तर चष्मा काढून बारीक अक्षर वाचलं आणि ज्यावर लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी लिहिलं होतं ते उचललं. नुसतं 'लॅक्टोबॅसिलस' लिहिलेलं घेणं म्हणजे लग्नाला स्थळ बघताना 'मुलगा महाराष्ट्रातला आहे' एवढ्यावर होकार देण्यासारखं आहे, पुढचं ते जीजी महत्त्वाचं. (२०२० पासून याचं अधिकृत नाव लॅक्टिकेसीबॅसिलस झालंय, पाकिटावर जुनंच चालू आहे, चालायचंच.)

जीजी म्हणजे गोरबाक आणि गोल्डिन, अमेरिकेतले दोन शास्त्रज्ञ, त्यांनी १९८३ साली निरोगी माणसाच्या आतड्यातून म्हणजे स्पष्ट सांगायचं तर शीतून हा बॅक्टेरिया वेगळा केला. १९८५ ला पेटंटचा अर्ज, मग फिनलंडच्या वालिओ डेअरीने घेतला आणि १९९० मध्ये गेफिलस नावाने दुधाच्या पदार्थांत आणला. तेव्हा हा आतड्याला चांगला चिकटतो एवढं माहीत होतं, पण कशाने चिकटतो ते नीट कळायला २००९ उजाडलं.

हेलसिंकीच्या लोकांनी तेव्हा जीजीचा अख्खा जीनोम वाचला आणि त्याच्याच जातीचा एलसी७०५ म्हणून डेअरीत वापरतात तो शेजारी ठेवून पाहिला. दोघं सख्खे चुलत भाऊ, पण जीजीकडे एक जीन्सचा पुंजका जास्तीचा, त्यातून बाहेरच्या अंगावर केस उगवतात. पिलाय म्हणतात त्यांना, एक असेल तर पिलस. एका बॅक्टेरियावर साधारण १० ते ५०, लांबी फार तर एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग). माळावरून चालून आल्यावर पँटला कुसळं लागतात ना, झटकली तरी जात नाहीत, तसे हे केस आतड्याच्या चिकट म्यूकसला धरून बसतात. एलसी७०५ ला हे केस नाहीत, आणि माणसांना दोन्ही देऊन पाहिले तर जीजी जास्त दिवस टिकला.

आता हा केस बनलाय कसा ते सांगतो कारण माझ्या मते पैसे त्याचेच आहेत. तीन प्रोटीन : स्पाए, स्पाबी, स्पासी. (मसाजच्या स्पाशी काही संबंध नाही, हे नाव घटसर्पाच्या जंतूंवरच्या कामातून आलंय, तिथेही असलेच केस असतात. म्हणजे हत्यार तेच, कुणाच्या हातात आहे एवढाच फरक.) स्पाए हा माळेतला मणी, एकामागे एक जोडत जातो. स्पासी टोकाला आणि अधूनमधून अंगावरही, खरं चिकटण्याचं काम त्याचं. स्पाबी बुडाशी, आला की समजायचं केस पुरा झाला. जोडणारा कारागीर म्हणजे सॉर्टेज नावाचं एन्झाइम, ते एका मण्याची शेपटी ठरलेल्या जागी कापतं आणि दुसऱ्या मण्यातल्या लायसिन या अमिनो आम्लाला (प्रोटीनची एक वीट म्हणा) पक्की डकवतं, दोरा वगैरे काही नाही, मणी थेट मण्याला. आणि गंमत म्हणजे नवा मणी बुडाशी लागतो, आपला केस मुळातून वाढतो तसंच, त्यामुळे टोकाचा स्पासी सगळ्यात आधी बसलेला असतो. शेवटी दुसरा सॉर्टेज येऊन पूर्ण साखळी बॅक्टेरियाच्या भिंतीला ठोकून देतो.

बरं नुसतं बाहेरून जोडलं म्हणून भागत नाही. स्पाएची नेमकी रचना आपल्या फरीदाबादच्या रीजनल सेंटर फॉर बायोटेक्नॉलॉजीतल्या लोकांनी हेलसिंकीवाल्यांबरोबर क्रिस्टल करून एक्स-रेने काढली, २०१६ ला छापून आली. त्यात दिसतं की प्रत्येक मण्याच्या पोटातही लायसिन आणि अ‍ॅस्पराजिन (हेही अमिनो आम्लच) यांच्यामध्ये जादाचा पक्का बंध आहे, आयसोपेप्टाइड बंध. गोधडीला वरून शिवण असतेच, पण आतूनही टाके घातलेले असतात म्हणून ती वर्षानुवर्षं धुतली तरी फाटत नाही, तसलं काम. ओढलं तरी उसवत नाही आणि आतड्यातल्या प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइमांनाही लवकर दाद देत नाही. स्पासीची रचनाही त्याच लोकांनी २०२० मध्ये दाखवली, पाच भागांचा लांबडा प्रोटीन आहे. सुईच्या टोकाने एकेक केस ओढून बघणारं एक मायक्रोस्कोप असतं, त्यात दिसलं की हा केस ताणला की स्प्रिंगसारखा वागतो आणि सुटताना चेन उघडल्यासारखा एकेक ठिकाणून सुटतो. मला तर हे वाचून कॅप्सूल गिळायची सोडून बघत बसावंसं वाटलं.

आणि इथेच माझी तक्रार सुरू होते. पाकिटावर काय छापलंय तर सीएफयू, म्हणजे किती जिवंत आहेत. १० अब्ज. छान. पण जिवंत असणं वेगळं आणि केस शाबूत असणं वेगळं. बॅक्टेरिया फर्मेंटरमधून म्हणजे ते वाढवायच्या टाकीतून काढतात, गरगर फिरवून गाळ करतात, वाळवतात, या सगळ्या रगड्यात हे बारीक केस झडू शकतात आणि बॅक्टेरिया मात्र प्लेटवर मस्त वाढतो, मोजणीत पास. त्याहून वाईट म्हणजे बाजारातल्या पाकिटांमधले जीजी तपासले तेव्हा काहींमध्ये पिलायच्या जीन्सचा तुकडाच गळून गेलेला सापडला आणि ते म्यूकसला नीट चिकटतही नव्हते. पिढ्यानपिढ्या टाकीत आरामात वाढले की चिकटायची गरज कुणाला? फुकट जेवण मिळालं की कामाची सवय जाते. पण लेबलवर नाव तेच, जीजी.

मी कंपनीला मेल टाकला (नाव देत नाही, कारण माझ्या पाकिटात केस नव्हतेच असा पुरावा माझ्याकडे नाही) की तुम्ही बॅचमध्ये पिलाय तपासता का, म्यूकसला चिकटण्याची काही टेस्ट करता का. आठ दिवसांनी उत्तर आलं : आमचं प्रॉडक्ट हायेस्ट क्वालिटीचं आहे, डोससाठी सोबतचं पत्रक पाहावं. पत्रक तर पाकिटातच होतं की.

वापराबद्दल. कॅप्सूल लहान, गिळायला त्रास नाही. एक उघडून कोमट दुधात टाकून पाहिली, पांढरी पावडर, थोडी तरंगते, चव जवळजवळ नाहीच, किंचित आंबूस. अँटिबायोटिकनंतर दोन तासांनी घेत होतो. पाच दिवसांत एकदाही जुलाब झाले नाहीत, मागच्या खेपेला तिसऱ्या दिवशीच बाथरूम गाठलं होतं. आता हे जीजीमुळे की औषध वेगळं होतं म्हणून की आईने दोन वेळ मऊ भात खायला घातला म्हणून, एका माणसावरून काय सांगणार. अँटिबायोटिकमुळे होणाऱ्या जुलाबांसाठी, विशेषतः मुलांमध्ये, जीजीच्या बाजूने बऱ्यापैकी पुरावा आहे. पण इन्फेक्शनने लागलेल्या जुलाबांवर अमेरिकेत ९७१ लहान मुलांमध्ये मोठी ट्रायल झाली, दिवसातून दोनदा १० अब्ज असे पाच दिवस, २०१८ ला निकाल आला, प्लासिबोपेक्षा (तशीच दिसणारी पण औषध नसलेली नकली मात्रा) काही फरक नाही. त्यामुळे बाहेरचं पाणी पिऊन पोट बिघडलं तर याच्यावर पैसे घालवू नका, ओआरएस घ्या. आणि घरात कुणाची केमो चालू असेल किंवा दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ असेल तर मेडिकलवाल्याला नाही, डॉक्टरला विचारा, जिवंत जंतू आहेत शेवटी.

आई म्हणाली एवढे पैसे घालून हे काय, वाटीभर ताक पी. पीत होतोच. पण विरजणातले जंतू दुधात वाढायला तरबेज, आतड्याला धरून राहण्यासाठी कुणी निवडलेले नाहीत. जीजीसुद्धा काही कायमचा भाडेकरू नाही, घेणं थांबवलं की बहुतेक आठवडा दोन आठवड्यांत निघून जातो.

पाचपैकी साडेतीन स्टार. एक स्टार लेबलसाठी कापला, अर्धा त्या मेलसाठी. तीन कॅप्सूल उरल्यात, फ्रीजच्या दारात आल्याच्या पिशवीशेजारी ठेवल्यात, उरलेल्या दाढेच्या वेळी कामाला येतील.