लॅमिंग्टन रोडचं स्वस्तातलं क्रिम्पिंग किट: नेटवर्किंग शिकणाऱ्या पोरांसाठी घ्यावं का?

भाचा बीएससी आयटीला आहे, ओएसआयचे, म्हणजे नेटवर्कचं काम थरांत वाटून दाखवणाऱ्या मॉडेलचे, सातही लेयर खालून वर, वरून खाली घडाघडा म्हणून दाखवतो, पण घरातलं नेट गेलं की राउटर बंद करून चालू करण्यापलीकडे गाडी जात नाही. म्हणून व्हिडिओची अजून एक प्लेलिस्ट पाठवण्यापेक्षा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, हे किट आणून दिलं. बॉक्सवर धड ब्रँडचं नाव पण नाही. आत एक क्रिम्पिंग टूल (केबलच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवायचं), एक केबल टेस्टर, वायर सोलायचं पिवळं कटर आणि आरजे-४५ कनेक्टरची (नेटच्या केबलच्या टोकाचे प्लास्टिकचे प्लग) पिशवी. हजाराच्या आत बसतं, घासाघीस जमत असेल तर अजून खाली येतं. सोबत पाच पोर्टचा साधा स्विच (एका नेटवर्कमधली मशीनं एकमेकांना जोडणारा डबा) आणि मीटरवर कापून कॅट-६ दर्जाची नेटवर्क केबल वेगळी घेतली.

आधी टूल. दाबताना कट-कट आवाज येतो आणि पूर्ण दाबल्याशिवाय सुटत नाही, याला रॅचेट म्हणतात आणि हे असलेलंच घ्या, कारण बिनरॅचेटच्यात एखादी पिन अर्धवट बसते आणि मग केबल हलवली की नेट येतं-जातं असला छळ सुरू होतो. ब्लेड मात्र टुकार आहे, बाहेरचं आवरण सोलताना आतल्या तारेलाही चिरा पाडतं, त्यापेक्षा ते पिवळं कटर हलक्या हाताने एकदा फिरवलं की काम होतं.

आता खरी मजा. केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या, एकमेकींना पीळ घातलेल्या. भाच्याने काय केलं, नारंगीची जोडी शेजारी, हिरवीची शेजारी, निळी, तपकिरी, दिसायला एकदम नीट, दोन्ही टोकांना सेम. टेस्टरला लावलं तर १ ते ८ सगळे हिरवे लाइट क्रमाने पेटले, साहेब खूश. आणि हॉलपासून बेडरूमपर्यंत ती केबल टाकून फाइल कॉपी केली तर मुंगीच्या पावलाने!

कारण पिन ३ आणि ६ वर एकच जोडी जायला लागते. म्हणून तर तो विचित्र क्रम आहे: पांढरी-नारंगी, नारंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. याला टी५६८बी म्हणतात, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हाच चालतो. ३ आणि ६ वेगवेगळ्या जोड्यांतल्या झाल्या की पीळ असून नसल्यासारखा, शेजारच्या जोडीचा सिग्नल यात घुसतो आणि पॅकेट (डेटाचे गठ्ठे) गळायला लागतात, केबलच्या छोट्या तुकड्यावर चालूनही जातं म्हणून अजूनच फसायला होतं. हा टेस्टर फक्त तार या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचली का एवढंच बघतो, जोडी कुठली ते त्याला कळतच नाही. या भावात तेवढीच अपेक्षा ठेवावी, पण दुकानदार ‘फुल टेस्टिंग’ वगैरे सांगतात त्यावर जाऊ नका. आणि हो, टेस्टरला ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते, ती बॉक्समध्ये नाही, हे घरी येऊन कळतं.

पुढचा धडा स्विचचा. स्विच म्हणजे सोसायटीचा वॉचमन समजा, कोण कुठल्या दारातून आलं ते लक्षात ठेवतो आणि नवीन माणसाची चौकशी आली की सगळ्या मजल्यांवर हाक मारतो. तो मॅक ॲड्रेस (मशीनच्या नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर) बघतो, आयपी (नेटवर्कमधला पत्ता) वगैरेच्या भानगडीत पडत नाही. राउटर न लावता दोन लॅपटॉप फक्त स्विचला जोडा आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग ही कमांड मारा, १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसेल. म्हणजे डीएचसीपीने (आपोआप पत्ते वाटायची सोय) कोणी पत्ता दिला नाही, लॅपटॉपने स्वतःच घेतला. पुढे कधी ऑफिसात कोणाच्या मशीनवर हा आकडा दिसला तर अर्धं निदान तिथेच झालं.

मग हाताने १९२.१६८.१०.१ आणि १९२.१६८.१०.२ असे पत्ते टाकले, मास्क (पत्त्यातला किती भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.०, आणि पिंग केलं, म्हणजे समोरच्याला हाक मारून उत्तर येतं का बघितलं, तर रिक्वेस्ट टाइम्ड आउट. भाचा परत केबल काढायला निघाला, त्याला थांबवलं, म्हटलं आधी एआरपी -ए मारून बघ, कुठल्या आयपीचा मॅक कुठला याची यादी त्यात दिसते. दुसऱ्या लॅपटॉपचा मॅक ॲड्रेस तिथे दिसत होता, म्हणजे तार ठीक, स्विच ठीक, अडतंय वरती. विंडोजच्या फायरवॉलने (बाहेरून येणारं अडवणारा पहारा) पिंग गिळलं होतं. लेयर दोन (मॅक) आणि लेयर तीन (आयपी) यांच्यातला फरक परीक्षेत दोन मार्कांसाठी लिहितात तो हाच, फक्त इथे तो डोळ्यांसमोर होता. फायरवॉलमधून पिंगला वाट करून दिल्यावर एका लॅपटॉपला १९२.१६८.२०.२ हा दुसऱ्या नेटवर्कचा पत्ता दिला, पिंग परत बंद, आणि मग राउटर नक्की कशाला लागतो हे त्यानेच विचारलं. माझे पैसे तिथेच वसूल.

केबल घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. कॅट-६ छापलेलं असूनही आत तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार असते, सीसीए म्हणतात तिला, वजनाला हलकी, भावाला स्वस्त. ब्लेडने तार खरवडा, आत पांढरट निघाली तर परत द्या. शिकायला दोन मीटर चालेल, पण भिंतीतून टाकायची असेल किंवा पीओईवर (त्याच केबलमधून वीजही देणं) कॅमेरा चालवायचा असेल तर अजिबात नको, रेझिस्टन्स जास्त, तार मोडतेही पटकन. पूर्ण तांब्याची असली तरी एका पल्ल्यात १०० मीटरच्या वर जायचं नाही.

किटला माझ्याकडून पाचात साडेतीन, एक टेस्टरमुळे कापला, अर्धा ब्लेडमुळे. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरून चालत जाता येतं, रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. पिशवीतले कनेक्टर नवशिक्याला एका बैठकीत संपतात आणि एकदा दाबलेला परत वापरता येत नाही, तेव्हा पन्नासेक सुटे त्याच दुकानातून घेऊन ठेवा.