‘संशोधनाने सिद्ध’ चूर्ण, आणि आईची साखर ४२

आईला मधुमेह होऊन बरीच वर्षं झाली. मेटफॉर्मिनच्या गोळ्यांवर साखर बऱ्यापैकी आटोक्यात होती, पण तिची कुरकुर एकच: “हे केमिकल किती दिवस गिळायचं?” गुडमार या वनस्पतीचं चूर्ण विकणाऱ्याने नेमकं हेच हेरलं.

घरी आल्या आल्या त्याने चूर्णाची चिमूट आईच्या जिभेवर ठेवली, जरा घोळवायला लावली आणि मग साखर चाखायला दिली. आईने तोंड वाकडं केलं. “अगंबाई, ही तर वाळू लागतेय!”

“बघा काकू, तोंडातच साखर मेली. रक्तात काय करेल विचार करा.”

प्रयोग अस्सल होता, त्यात हातचलाखी नव्हती. गुडमारमधली जिम्नेमिक आम्लं जिभेवरच्या गोड चव ओळखणाऱ्या ग्राहींना अडवतात, त्यामुळे काही वेळ गोड कळतच नाही. पण साखर मरत नाही. ती गिळली की पोटात जाते आणि रक्तात उतरते, चव कळो न कळो.

मग त्याने शोधनिबंध काढला. तोही खराच. स्ट्रेप्टोझोटोसिन नावाचं रसायन टोचून मधुमेह घडवलेले मोठे उंदीर (रॅट), त्यांना गुडमारच्या पानांचा अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क, वजनाच्या किलोमागे २०० मिलिग्रॅम. नंतर मी बसून हिशेब केला. उंदराची मात्रा माणसाला लावताना ढोबळमानाने सहाने भागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला जवळजवळ दोन ग्रॅम, आणि तोही अर्क. पानांतून दहा टक्के अर्क निघतो असं धरलं तर रोज वीस ग्रॅम चूर्ण खावं लागेल. बाटलीवर लिहिलं होतं, अर्धा चमचा. एवढ्याशाने काही व्हायलाच नको होतं.

झालं मात्र भलतंच. उपाशीपोटीची साखर भराभर उतरली, आई खूश. गोळ्या तिने सोडल्या नव्हत्या, हे नशीबच म्हणायचं, कारण पुढे त्यावरूनच उलगडा झाला. एका पहाटे ती घामाने निथळत होती, हात थरथरत होते, मला ओळखेना. ग्लुकोमीटरवर ४२, म्हणजे धोक्याइतकी कमी. रुग्णालयात सलाइनमधून ग्लुकोज दिलं की साखर चढायची आणि थोड्या वेळाने पुन्हा घसरायची. डॉक्टरांनी विचारलं, “नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा असं होत नाही. आजींना आणखी काय देताय?” रक्तात साखर तळाला, आणि इन्सुलिन व सी-पेप्टाइड (शरीर स्वतः इन्सुलिन बनवताना सुटणारा अंश) दोन्ही वाढलेली. म्हणजे स्वादुपिंडाकडून कुणीतरी जबरदस्तीने इन्सुलिन काढून घेत होतं. चूर्ण तपासायला दिलं तेव्हा त्यात ग्लिबेनक्लामाइड निघालं. स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणारं, सल्फोनिलयुरिया गटातलं हे जुनं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायचं औषध. कुठल्या चमच्यात किती आलं असेल ते देवच जाणे!

विक्रेत्याला फोन केला तर म्हणतो, “शरीर शुद्ध होतंय, घाबरू नका.” नंतर त्याने फोन उचलणंच बंद केलं.

अशी भेसळ अनेक देशांत पकडली गेली आहे. काही ‘हर्बल’ मालात तर फेनफॉर्मिन हे मधुमेहाचं जुनं औषधही सापडलं आहे. रक्तात लॅक्टिक आम्ल साचून माणसं दगावू लागली म्हणून १९७० च्या दशकात अनेक देशांनी हे औषध बाजारातून काढलं होतं.

माझा राग वनस्पतींवर नाही. आई ज्याला केमिकल म्हणते त्या मेटफॉर्मिनचा मागही गॅलेगा ऑफिसिनॅलिस या झाडापर्यंत जातो. त्यातलं गॅलेजिन साखर उतरवतं, पण विषारी आहे. त्याच्या जातकुळीतलं मेटफॉर्मिन १९२२ मध्ये प्रयोगशाळेत तयार झालं आणि १९५७ मध्ये ज्याँ स्टर्न यांनी रुग्णांवरचे निष्कर्ष मांडले. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतलं, लघवीवाटे साखर बाहेर काढणारं फ्लोरिझिन १८३५ मध्ये वेगळं काढलं गेलं. ते आतड्यातच फुटतं, म्हणून रेणूत फेरफार करत करत मधुमेहावरची आजची ग्लिफ्लोझिन औषधं आली, तीही या शतकात. झाडापासून गोळीपर्यंत इतका वेळ लागतो, आणि आमच्याकडे आलेला माणूस उंदरांवरून थेट चमच्यावर आला होता.

घरात असं चूर्ण चालू असेल आणि साखर अचानक फार छान येऊ लागली, तर आधी डॉक्टरांना बाटली दाखवा. घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ दिसला आणि माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर लगेच साखरपाणी द्या. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका. बरं वाटलं तरी रुग्णालय गाठाच, कारण ग्लिबेनक्लामाइडचा अंमल बराच वेळ टिकतो आणि साखर पुन्हा पडते. बाटली फेकू नका, सोबत न्या. आमची तक्रार त्या उरलेल्या चूर्णावरच उभी आहे.