जेलर: बसल्या जागेवरून मारणारा म्हातारा

एसटीत चौतीस वर्षं कंडक्टर होतो, रिटायर होऊन आता पाच वर्षं झाली. त्यामुळे रजनीकांतचा विषय निघाला की माझा तराजू थोडा एका बाजूला कलतो, हे आधीच सांगून टाकतो. बंगळूरच्या सिटी बसमध्ये तिकिटं फाडणारा शिवाजीराव गायकवाड पुढे कोण झाला, ही गोष्ट आमच्या डेपोच्या कॅन्टीनमध्ये महिन्यातून एकदा तरी निघायचीच.

त्याचा तमिळ सिनेमा 'जेलर' २०२३ चा. थिएटरात हुकला, म्हणून प्राइम व्हिडिओवर हिंदीतून पाहिला. ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे असं मधूनमधून होतं, पण दहा मिनिटांत डोळ्यांना सवय होते. नातवंडं जवळ असतील तर झोपवून मगच लावा. मुंडकी उडतात.

सिनेमा आला तेव्हा रजनी बहात्तर वर्षांचा होता आणि तो तेवढाच दिसतो, हीच पहिली जमेची बाजू. पांढरी दाढी, चष्मा. तिहारचा जेलर रिटायर होऊन घरी बसलाय. पोलीस अधिकारी असलेल्या पोराच्या बुटांना पॉलिश करतो, नातवाचे यूट्यूबचे व्हिडिओ काढून देतो. बुटांपाशी आमच्या सौ. माझ्याकडे बघून हसल्या. आमच्याकडे बुटांऐवजी गॅसचा नंबर लावणं आणि 'येताना कोथिंबीर आणा' असतं, एवढाच फरक. रिटायर माणूस घरात कसा हळूहळू शिपाई होतो, ते दिग्दर्शक नेल्सनला बरोबर कळलंय. मग पोरगा बेपत्ता होतो आणि म्हातारा उठतो.

उठतो म्हणजे काय, तर फारसा उठतच नाही! इंटरव्हलच्या आसपास गुंड घरात शिरतात, घरचे जेवणाच्या टेबलाशी गारठलेले, आणि हा शांत बसलेला. कुठूनतरी लपलेले नेमबाज गुंडांना एकेक करून टिपतात. ताटावरून उठावं असंही याला वाटत नाही. मी तो भाग मागे नेऊन दोनदा पाहिला.

याचं कारण सांगतो. रात्रीच्या शेवटच्या गाडीला हमखास एखादा प्यालेला भेटतो, तिकीट काढत नाही, वर शिव्या देतो. नवा होतो तेव्हा मी त्याच्या अंगावर जायचो. पन्नाशीनंतर एकच घंटी द्यायचो. गाडी थांबायची. मी दांड्याला टेकून नुसता त्याच्याकडे बघत उभा राहायचो, गुडघे असेही चालत नव्हतेच. अर्ध्या मिनिटात मागच्या बाकावरची बायामाणसंच त्याला झापायची आणि खिशातून नोट निघायची. मग डबल बेल. 'जेलर'मधली मारामारी मला त्या एका घंटीसारखी वाटली.

याच माणसाचा २०१४ चा 'लिंगा' आठवा. त्याच्या चौसष्टाव्या वाढदिवसाला आलेला. केस काळेभोर, जोडीला सत्तावीस वर्षांची सोनाक्षी सिन्हा, आणि शेवटी पठ्ठ्या मोटरसायकलवरून उडतो तो थेट आकाशातल्या फुग्यावर. तिथे मला रजनी दिसलाच नाही, नुसता विग दिसला. 'जेलर'मध्येही जुन्या दिवसांचा तुकडा येतो, तेव्हा केस परत काळे होतात. चालतंय, थोडक्यात आटपतो. पण पांढऱ्या दाढीचा दरारा काळ्या केसांत नाही.

अर्धं काम अनिरुद्धच्या संगीताचं आहे, हेही मान्य करायला हवं. रजनी चार पावलं चालतो, बाकीचं ढोल करतात.

दुसऱ्या अर्ध्यात मात्र गाडी घाटात तापते. मुकुटाच्या चोरीचा डाव, त्यात सिनेमातला सिनेमा, तमन्नाचा तो नाच... सगळं लांबतच जातं. एकूण पावणेतीन तासांहून जास्त, त्यातली वीस मिनिटं सहज उतरवता आली असती. सिनेमा धरून ठेवतात ती पाहुणे मंडळी. मोहनलाल, शिवराजकुमार, जॅकी श्रॉफ, तिघेही साठी ओलांडलेले. येतात, उभे राहतात, जातात. शिवराजकुमारच्या वाट्याला मोजकीच मिनिटं, पण आख्खी खोली भरते. खलनायक विनायकनही जबरदस्त, दात विचकून हसतो तेव्हा किळसही येते आणि हसूही.

आता तक्रार. रम्या कृष्णन. १९९९ च्या 'पडयप्पा'त हिने नीलांबरी केली होती, रजनीच्या नाकावर टिच्चून उभी राहणारी. तीच इथे त्याची बायको आहे, आणि तिला काम काय, तर घाबरायचं, रडायचं, नवऱ्याकडे बघायचं. पुरुष म्हातारा झाला की दरारा वाढतो आणि बाईला टेबलाशी बसवून ठेवतात, हा कुठला न्याय?

शेवट सांगत नाही. बापलेकाचा मामला आहे आणि मला तो अपेक्षेपेक्षा कडू वाटला.

मी पाचपैकी चार देणार होतो. सौ. म्हणाल्या, नीलांबरीचा अर्धा कापा. साडेतीन.