हौसेने कथा लिहिताय? मग मायबोलीवरचा गुलमोहर बघाच – माझा चार वर्षांचा अनुभव

"१९८८ साली कंडक्टरकडे मशीन कुठलं ताई, तेव्हा पेटी आणि पंच होता."

मायबोली या मराठी वेबसाइटवर माझ्या कथेवर आलेला हा प्रतिसाद मला आजही शब्दनशब्द पाठ आहे. कथा होती कराडहून पाटणकडे जाणाऱ्या मुक्कामी एसटीची, आणि मी लिहिलं होतं की कंडक्टरने बटण दाबलं आणि मशीनमधून टर्रकन तिकीट बाहेर आलं. तोपर्यंत ती कथा मी आणखी दोन ठिकाणी टाकली होती, बऱ्याच जणांनी वाचलीही होती, पण एकालाही ते खटकलं नव्हतं. इथे पहिल्याच रात्री खटकलं. लिहिणारे काका एसटीतूनच रिटायर झालेले. त्यांनी नुसती चूक दाखवून सोडून दिलं नाही, पुढे सगळं सांगितलं, की पत्र्याच्या पेटीत किमतीप्रमाणे वेगवेगळ्या रंगांची तिकिटं असायची, कंडक्टर पंच टकटक वाजवत गर्दीतून पुढे सरकायचा, टप्पा आला की वेबिलवर तिकिटांचे नंबर टिपायचा, आणि घरी खाकी शर्ट धुवायला घेतला की खिशातून कागदाच्या बारीक गोल टिकल्या पडायच्या.

त्या टिकल्या वाचून मी उठून बसले. माझ्या कथेत कंडक्टर वारल्यावर त्याची बायको कपडे आवरते आणि कथा संपते, तो शेवट मला स्वतःलाच पोकळ वाटत होता पण काय कमी आहे ते कळत नव्हतं. मी काकांना विपू केली, म्हणजे त्यांच्या विचारपुशीत निरोप टाकला, म्हटलं हे मी वापरू का, तर उत्तर आलं, "वापरा की, टिकल्या आमच्या सगळ्यांच्याच घरी पडायच्या." दोन दिवसांनी नवीन शेवट लिहून प्रतिसादातच टाकला. बायको शर्ट झटकते आणि फरशीवर पांढऱ्या, गुलाबी, हिरव्या टिकल्या पडतात, ती केरसुणी घेते आणि तशीच उभी राहते. बस एवढंच. माझ्या सगळ्या लिखाणात हे चार ओळींचं मला सगळ्यात जवळचं आहे आणि ते मला एकटीला कधीच सुचलं नसतं.

तर ही जागा म्हणजे मायबोली, आणि त्यातला गुलमोहर हा विभाग, जिथे कथा, कादंबरी, कविता, ललित असं सगळं लोक हौसेने लिहितात. मायबोली १९९६ च्या गणेशचतुर्थीला सुरू झाली, अमेरिकेतून, म्हणजे आपल्याकडे बहुतेक घरांत इंटरनेट हा शब्दही पोचला नव्हता तेव्हा. मी आले खूप उशिरा, २०२१ ला. सहकारी बँकेत नोकरी, घर, सासूबाईंचं आजारपण, हे सगळं आवरून रात्री साडेदहानंतर जो तासभर मिळतो त्यात लिहिते. पुस्तक काढायचंय, बक्षीस मिळवायचंय असं काही डोक्यात नाही, पण लिहिलेलं कुणीतरी नीट वाचावं ही इच्छा मात्र फार खरी आहे आणि त्यासाठी मी बरीच वर्षं भटकले.

आधी एका कथांच्या अ‍ॅपवर होते, नाव लिहीत नाही. तिथे वाचक भरपूर दिसायचे पण हळूहळू लक्षात आलं की सगळा मामला परतफेडीचा आहे, तुम्ही मला पाच स्टार द्या मी तुम्हाला देते, आणि प्रतिसाद म्हणजे "खूप छान", "अप्रतिम", "नेक्स्ट पार्ट लवकर". कथेतली आजी दुसऱ्या भागात वारली होती आणि चौथ्या भागावर एकीने लिहिलं की आजीचं कॅरेक्टर मस्त चाललंय. त्या दिवशी मी रडले. त्यात रोज एक भाग टाकला तरच कथा वर दिसणार, मग काय, पाणी घालून घालून सोळा भागांची कथा चाळीस भागांवर गेली आणि मला माझंच लिखाण वाचवेना. मग एका फेसबुक ग्रुपमध्ये गेले, तिथे माणसं प्रेमळ होती पण माझी एक कथा सहा महिन्यांनी आमच्या सोसायटीच्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत आली, खाली लिहिलेलं "लेखक अज्ञात". वरच्या मजल्यावरच्या काकू मला म्हणाल्या, वाच गं, किती छान लिहिलंय कुणीतरी.

म्हणून मला गुलमोहरातली एक साधी गोष्ट फार मोलाची वाटते, की तुमच्या आयडीखाली तुमचं सगळं लिखाण तारखेसकट एका जागी राहतं. चोरी त्याने थांबत नाही, पण हे माझं आहे आणि अमुक तारखेला लिहिलंय हे दाखवायला जागा असते.

वापरायला कसं आहे ते थोडक्यात सांगते. फुकट आहे. वाचायला सभासद व्हायची गरज नाही, लिहायला व्हावं लागतं, आणि ज्या ग्रुपमध्ये लिहायचंय त्याचंही सभासदत्व घ्यावं लागतं, ते एका क्लिकचं काम आहे. फोनवर मराठी कीबोर्ड असेल तर प्रश्नच नाही, कॉम्प्युटरवर इंग्रजी अक्षरं दाबून देवनागरी उमटवायची सोय तिथेच दिलेली आहे. दिसायला साधं आहे, चकचकीत कव्हर वगैरे प्रकार नाही, नुसता मजकूर. मला तेच आवडतं, कारण वाचणारा कव्हर बघून येत नाही, पहिल्या परिच्छेदावर थांबतो किंवा निघून जातो.

खरी गंमत आहे ती माणसांची. प्रतिसादांमध्ये पुलेशु म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा, पुभाप्र म्हणजे पुढील भागाच्या प्रतीक्षेत, हे आठवड्याभरात अंगवळणी पडतं. पण त्याच्यापलीकडे जाऊन लिहिणारेही आहेत. एकीने मला सांगितलं की तुमच्या सगळ्या बायका दुःख झालं की खिडकीशी जाऊन उभ्या राहतात, बघा जरा. मी जुन्या सात कथा काढून बघितल्या, पाचांत खिडकी! कुणी नेदरलँड्समधून वाचतं, कुणी न्यू जर्सीतून, त्यामुळे रात्री कथा टाकून झोपलं की सकाळी चहाच्या वेळी प्रतिसाद हजर असतात, आणि त्या परदेशातल्या लोकांना आपल्याकडचा एखादा शब्द, समजा कडबा किंवा माळवद, वाचला की जे काही होतं ते ते इतकं मोकळेपणाने लिहितात की मला पुढचं लिहायला बळ येतं.

माझी पहिली कथा तिथे टाकली तेव्हा दोनच प्रतिसाद आले होते. वाईट वाटलं होतं खूप. पण नंतर कळलं की इथे आधी वाचक म्हणून ओळख व्हावी लागते. तुम्ही दुसऱ्याच्या कथेवर मनापासून चार ओळी लिहिल्या, आवडलं नाही तर काय आणि का ते नीट शब्दांत सांगितलं, की तीच माणसं तुमच्या कथेवर येतात. ही परतफेड नाही हां, फरक आहे, कारण इथे कथा आवडली नाही तर ते येऊन तसंच सांगतात. ज्यांना फक्त कौतुक हवंय त्यांना हे झेपणार नाही, आणि लिखाणातलं हळवेपण ज्यांचं अजून ओलं आहे त्यांनी आधी महिनाभर नुसतं वाचावं असं मी म्हणेन.

आणखी एक, कथा अर्धवट सोडू नका. क्रमशः लिहून गायब होणाऱ्यांचा वाचकांना मनापासून राग येतो आणि तो मला पटतो, कारण त्यांनी आपला वेळ दिलेला असतो. मी आता सगळे भाग आधी लिहून ठेवते, मग दर दोन-तीन दिवसांनी एक टाकते आणि प्रत्येक भागात आधीच्या भागाची लिंक देते. नवीन धागे, म्हणजे इतरांचं नवं लिखाण, येत राहतात तशी तुमची कथा खाली सरकते, नवा प्रतिसाद आला की पुन्हा वर येते, त्यामुळे प्रतिसाद देणाऱ्यांना उत्तर देत राहावं, आणि ते तसंही द्यावंच.

आपल्या लिखाणाची प्रत मात्र स्वतःकडे ठेवा, कुठेही लिहीत असलात तरी. माझा मामेभाऊ टोरांटोला असतो, तो दर नोव्हेंबरात नॅनोरायमोत भाग घ्यायचा, महिन्यात ५०,००० शब्दांची कादंबरी. १९९९ साली २१ जणांनी सुरू केलेलं ते काम जगभर पसरलं होतं आणि २०२५ मध्ये बंद झालं. तो म्हणाला शब्द माझ्याकडे आहेत, पण नोव्हेंबर आला की सोबत लिहिणारी माणसं कुठे शोधू. ते ऐकून मला मायबोलीची किंमत जास्तच कळली. मिसळपाव ही मराठी वेबसाइटही आहे, २००७ पासून, तिथेही शशक म्हणजे शतशब्दकथांना चांगले वाचक आहेत, माझ्या ओळखीतल्या दोघी तिथेच रमल्यात. मी स्वतः तिकडे लिहिलेलं नाही म्हणून जास्त सांगत नाही.

सुरुवात करायची तर गणेशोत्सवात करा असं मी सगळ्यांना सांगते. त्या दिवसांत मायबोलीवर लिखाणाचे उपक्रम असतात, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनालाही असतात. शशकसारखा प्रकार असला तर नवख्या माणसाला फार सोपं जातं, कारण बरोबर शंभर शब्द, एक कमी नाही एक जास्त नाही, आणि सगळेच लिहीत असतात म्हणून भीड चेपते. मी तिथेच शिकले की "अतिशय" हा शब्द काढला तरी वाक्याचं काही बिघडत नाही.

मागच्या गणपतीत रात्री अकराला मला विपू आली, एसटीवाल्या काकांची. चार वर्षं ते फक्त वाचत होते, प्रतिसाद देत होते, स्वतःचं कधी काही लिहिलं नव्हतं. त्यांनी पहिल्यांदा शशक लिहिली होती, कुंभार्ली घाटात पावसात बंद पडलेल्या गाडीची, आणि टाकायच्या आधी मला दाखवायला आणली होती. खाली लिहिलं होतं, "सत्याण्णव भरले. तीन शब्द कुठे घालू सांगा." मी दोनदा वाचली आणि कळवलं, ड्रायव्हरला नाव द्या, नाव आणि आडनाव, तिसरा शब्द तुम्हाला आपोआप सापडेल.