८५० रुपयांचं पुस्तक, फुकटचं कार्ड आणि नसलेली सूची

गरोदरपणाच्या आठव्या महिन्यात माझ्या गर्भसंस्काराच्या पुस्तकाची पाठ उकलली. मधले दोन फर्मे, म्हणजे पानांचे शिवलेले गठ्ठे, शिवणीतून सुटून हातात आले, नेमके 'प्रसूतीची तयारी' या प्रकरणाचे. ज्या ॲपवरून मागवलं होतं तिथे फोटोसकट तक्रार टाकली. उत्तर आलं की बदलून देण्याची मुदत ७ दिवसांची होती. अहो, नऊ महिने पुरवून वाचायचं पुस्तक आहे हे! तासभर चॅटवर भांडल्यावर ५० रुपयांचं कूपन मिळालं, तेही ४९९ च्या पुढे खरेदी केली तर. त्या रागात हे लिहायला घेतलं होतं. बाकीचं बाळ झाल्यावर पूर्ण केलंय, त्यामुळे मधे मतं बदललेली दिसतील.

पुस्तकाचं नाव देत नाही. गर्भसंस्कारावरचं जाडजूड, रंगीत, पुठ्ठा बांधणीचं, ८५० रुपये. डोहाळजेवणात अशी दोन-तीन भेट येतातच. मी मात्र आधीच स्वतःच्या पैशाने घेऊन बसले होते. महिन्यानुसार आहार चांगला दिलाय. उलट्यांच्या दिवसांत साळीच्या लाह्या आणि पातळ मुगाचं वरण मी त्यातूनच उचललं. पण 'तेजस्वी संतती'ची पानंच्या पानं आहेत. बाळाचा रंग उजळावा म्हणून काय प्यावं याची एक चौकट आहे, ती मी पेनाने खोडून टाकली.

आता खरं दुखणं. शेवटच्या तीन महिन्यांत डॉक्टर सांगतात, उताणं झोपू नका, कुशीवर झोपा. डाव्या कुशीवर पडून एका हाताने हे धोंड्यासारखं पुस्तक धरून दाखवा. त्यात कागद गुळगुळीत, चकचकीत. सोलापूरचा मे महिना, पारा ४३ वर, घामाने बोटं पानाला चिकटायची आणि पान उलटताना चर्रकन आवाज यायचा. माझ्या अंगठ्याचे ठसे सहाव्या महिन्यापासून पुढच्या प्रत्येक पानावर आहेत.

हेही चालवून घेतलं असतं. सूची नाही, हे नाही चालवून घेणार. साडेचारशेच्या वर पानं आणि कोणता विषय कुठल्या पानावर हे सांगणारी सूची मागे नाही! पुढे अनुक्रमणिका आहे, तिच्यात 'मातृत्वाची चाहूल', 'आनंदयात्रा' असली नावं. 'आनंदयात्रे'त मूळव्याध आहे, हे कुणाला कसं कळावं? पंचांगात मुहूर्त सापडतो, या पुस्तकात पायाची सूज सापडत नाही.

एका रात्री बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली. दीड वाजले होते. आई आणि मी पुस्तक दोन्हीकडून चाळायला बसलो, ती मागून, मी पुढून. मला गर्भावर संगीताचा होणारा परिणाम सापडला, तिला बारशाची तयारी. शेवटी आईने कपाटातून आशाताईंनी दिलेलं माता-बाल संरक्षण कार्ड काढलं. धोक्याच्या लक्षणांची चित्रं एकाच जागी: रक्त जाणं, झटके, डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी, अंगावर सूज, जोराचा ताप, कळा नसताना पाणी जाणं आणि हो, बाळाची हालचाल कमी होणं. म्हणजे दवाखाना. रिक्षाने गेलो, पट्टे लावून ठोके बघितले, सगळं ठीक होतं. "सकाळची वाट बघत बसला नाहीत ते बरं केलंत," असं डॉक्टर मॅडम म्हणाल्या. हे सगळ्याच गरोदर बायकांनी लक्षात ठेवावं: रोजच्या सवयीपेक्षा हालचाल कमी वाटली तर पुस्तक नको, कार्डही नको, थेट जायचं.

तोवर ते कार्ड मी लसीकरणाचा कागद म्हणून फाइलमध्ये टाकलं होतं. खासगी दवाखान्यात नाव असलं तरी मिळतं. आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात नोंदणी करायची. किमान चार तपासण्या, लोहाच्या गोळ्या १८० दिवस, वजन, रक्तदाब, सगळ्याला रकाने आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रात गरोदर बायकांची मोफत तपासणी होते, २०१६ पासून, हेही मला आशाताईंकडूनच कळलं. ८५० च्या पुस्तकात याचा उल्लेखच नाही. असला तरी सापडणार कसा, सूची कुठाय?

दुसरं पुस्तक इंग्रजी, मैत्रिणीने पुण्याहून पाठवलेलं: आयना मे गॅस्किन या अमेरिकन सुईणीचं, २००३ चं. पहिला भाग सगळा बायकांच्या बाळंतपणाच्या गोष्टींचा. सातव्या महिन्यात मी याला पाचपैकी दोन दिले होते. टेनेसीतल्या एका वसाहतीत, अनुभवी सुईणी हाताशी असताना झालेली ही बाळंतपणं. विजापूर रोडवर राहणाऱ्या बाईने ते वाचून काय करायचं? आपल्याकडे तशी प्रशिक्षित सुईण दारात येत नाही, आणि घरी बाळंत व्हायची माझी तयारीही नव्हती. आई तर पहिल्या दिवसापासून म्हणत होती, "पुस्तक वाचून पोरगं होतंय का गं? आम्ही काय वाचलं होतं?"

तिसरं पुस्तकही नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशी आहेत, प्रसूतीच्या वेळच्या काळजीबद्दल. नेटवर फुकट. भाषा रुक्ष, पण ५६ शिफारशी एका तक्त्यात आहेत. पिशवीचं तोंड ५ सेंटिमीटर उघडलं की खऱ्या कळांचा टप्पा सुरू, आणि तासाला १ सेंटिमीटर उघडलंच पाहिजे हा नियम सगळ्यांना लावू नये. पहिलटकरणीचा तो टप्पा १२ तासांपर्यंत चालू शकतो. सरसकट एनिमा नको, सरसकट छेद घेऊन टाके नकोत, सोबत आपलं माणूस असावं, हालचाल करू द्यावी. तक्ता मी झेरॉक्सवाल्याकडून काढून घेतला आणि मॅडमना दाखवला. त्या जरा हसल्या, पण एकेक वाचून कशाला हो आणि कशाला 'बघू' ते सांगितलं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात खासगी दवाखान्यांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरची आहेत, सरकारीत १४.३. एवढा फरक असेल तर आधी विचारून ठेवायला काय जातंय?

इथून पुढचं बाळ झाल्यावर लिहितेय.

गॅस्किनबाईंचे दोनाचे चार करते. नॉर्मल झाली म्हणून नाही. जाड पुस्तकातले श्वासाचे प्रकार, चार मोजून आत, सहा मोजून बाहेर, कळा जोरात आल्यावर एकही आठवला नाही. आठवलं ते एकच: तोंड आणि जबडा सैल सोडला की खालचंही सैल पडतं, हे त्या बाईंनी पुन्हा पुन्हा लिहिलेलं. मी दात आवळून बसले होते. आईने हनुवटीवर बोट ठेवून सांगितलं, "तोंड उघड, ओरड हवं तर." जोराने, खालच्या आवाजात ओरडले आणि पुढची कळ सोसवली. आईने ते पुस्तक हातातही धरलेलं नाही. आणि त्या गोष्टींचा उपयोग असा झाला, की रात्रभर कळा चालल्या तरी काहीतरी बिघडलंय असं वाटलं नाही. अशा कितीतरी बायका वाचून झाल्या होत्या.

दवाखान्यात व्हरांड्यात चालू दिलं, शेवटी मात्र आडवंच व्हावं लागलं. टाके पडले, पण विचारून. तक्त्यातलं निम्मं मिळालं म्हणा.

एक इशारा. गॅस्किनच्या गोष्टी बहुतेक सुखरूप संपतात. रक्तदाब वाढलेला असेल, बाळ आडवं असेल, वार खाली असेल तर त्या गोष्टींवर जाऊ नका. सिझर लागलं तर लागलं. माझ्या शेजारच्या खाटेवरची मुलगी सिझरची होती आणि तिला येणारी प्रत्येक बाई "नॉर्मल का नाही झालं गं?" विचारत होती. असं विचारणाऱ्या बायकांसाठी कुणी पुस्तक काढत नाही.

आणखी एक तक्रार, तिन्हींबद्दल. बाळ आलं की वाचन जवळजवळ संपतं. चीक पाजायचा का, बाळ किती वेळा ओढतं, टाक्यांवर बसायचं कसं, हे विचारायला पहिल्या आठवड्यात माझ्याकडे पुन्हा कार्ड आणि सिस्टरच होत्या. पहिल्या तासात पाजा, पाणी-मध काही चाटवू नका, हे कार्डात आहे. आजेसासूबाईंच्या हातातली मधाची वाटी ते दाखवूनच परत पाठवली.

तर घ्यायचं काय? जाड पुस्तक विकत घेऊ नका, डोहाळजेवणात येईलच. तोवर सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयात किंवा तुमच्या जवळच्या वाचनालयात चाळून बघा. शिफारशींच्या तक्त्याची झेरॉक्स पंधरा-वीस रुपयांत होते. कार्ड मराठीतलंच मागा, आणि मिळाल्यावर फाइलमध्ये ठेवू नका, फ्रिजवर लावा.