रेडिओ तोच दिसत होता, आतून मात्र रिकामा केला होता

जुन्या गाडीचा मूळ रेडिओ कुणाच्या हातात देणार असाल, तर आधी हे वाचा. माझा गेला. तुमचा वाचावा म्हणून लिहितोय.

वडिलांनी जिवापाड जपलेला १९५४ सालचा फोर्ड एफ-१०० ट्रक माझ्याकडे आला, तो डॅशबोर्डमधल्या मूळ व्हॉल्व्ह रेडिओसकट (व्हॉल्व्ह म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या, तापल्यावरच काम करणाऱ्या काचेच्या नळ्या). रेडिओ चालू होता. फक्त मीडियम वेव्ह आणि एकच स्पीकर. बटण फिरवलं की आधी आतल्या व्हायब्रेटरची, म्हणजे बॅटरीचे व्होल्ट वाढवायला मदत करणाऱ्या थरथरत्या भागाची, घूं घूं सुरू व्हायची. मग व्हॉल्व्ह तापायला लागायचे आणि पंधरा-वीस सेकंदांनी आवाज हळूहळू वर यायचा. ती वाट बघणं मला फार आवडायचं. खिशात मावणाऱ्या म्युझिक प्लेअरमध्ये वडिलांच्या आवडीची गाणी भरलेली होती. ती याच स्पीकरमधून ऐकायची, एवढीच इच्छा होती. प्लेअरमधलं गाणं एफएमवरून रेडिओला पाठवणारा छोटा एफएम ट्रान्समीटर इथे चालणार नव्हता, कारण रेडिओला एफएमच नाही.

जुन्या गाड्यांची कामं करणारा एक जण भेटला. म्हणाला, “सेट आहे तसा ठेवतो, आत फक्त एक इनपुट काढून देतो.” यात चुकीचं काहीच नव्हतं. असं काम होतं. प्लेअरच्या डाव्या-उजव्या बाजूचे आवाज दोन रेझिस्टरमधून एकत्र करतात आणि कपॅसिटर लावून ते रेडिओच्या व्हॉल्यूम कंट्रोलवर देतात. बाकी सेटला धक्का लागत नाही. म्हणून मी निर्धास्तपणे रेडिओ काढून त्याच्याकडे दिला. आतला एकही फोटो काढला नाही.

परत आणून बसवला तेव्हा डायल उजळली, गाणं खणखणीत वाजलं, मी सगळे पैसे चुकते केले. फक्त एक गोष्ट खटकली: आवाज बटण फिरवताक्षणी आला. विचारलं तर म्हणाला, “व्हॉल्व्ह नवे टाकलेत, लवकर तापतात.” हे साफ खोटं होतं. व्हॉल्व्ह नवा असो की जुना, त्याला तापायला वेळ लागतोच. पण गाणं ऐकून मी इतका हरखलो होतो की ते पोटात घातलं. मीडियम वेव्हवर काटा फिरवला तर खरखरसुद्धा येत नव्हती. त्याकडेही दुर्लक्ष केलं.

काही दिवसांनी प्लेअरची पिन काढून हातात धरली होती, ती डॅशबोर्डच्या पत्र्याला लागली. चर्रकन ठिणगी उडाली. वायर इतकी तापली की हातातून टाकावी लागली, आणि रबर जळाल्याचा वास केबिनभर पसरला. धावत जाऊन बॅटरीची वायर सोडवली म्हणून निभावलं.

मग रेडिओ उघडला. आत व्हॉल्व्ह नव्हते, व्हायब्रेटर नव्हता, ट्रान्सफॉर्मर नव्हता. तळाशी काडेपेटीएवढा एक ॲम्प्लिफायर, सहाचे बारा व्होल्ट करणारा कन्व्हर्टर, आणि दोन्हींना गुंडाळलेली काळी टेप. डायलच्या काट्याची दोरी तेवढी जुनी होती, ती नुसतीच इकडून तिकडे सरकत होती.

ठिणगीचं कारण सगळ्यांनी समजून घ्यावं असं आहे. फोर्डचे ट्रक १९५५ सालापर्यंत सहा व्होल्टचे होते आणि त्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला असे. १९५६ पासून बारा व्होल्ट आणि निगेटिव्ह अर्थ आलं, म्हणजे बॉडीला बॅटरीचा निगेटिव्ह जोडायला लागले. आजचं जवळपास प्रत्येक यंत्र बॉडी निगेटिव्ह असल्याचं धरून बनवलेलं असतं. त्यामुळे माझ्या गाडीत प्लेअरच्या पिनचा बाहेरचा भाग थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर होता आणि सगळा पत्रा पॉझिटिव्हवर. दोन्ही टेकले की शॉर्ट. मध्ये होती ती फक्त टेप, आणि फ्यूज त्या माणसाने लावलाच नव्हता. गाडी जळाली असती.

विचारायला गेलो तर म्हणाला, आतला माल जळलेला होता, भंगारात टाकला. चालू रेडिओ मी स्वतःच्या हातांनी त्याला दिला होता! अशा सेटचे सुटे भाग शोधणारे पुष्कळ असतात, ते कुठे गेले असतील हे मला सांगायला नको. पण दाखवायला ना फोटो होता, ना काय करणार याचा लिहिलेला कागद.

तुम्ही तरी सेट देण्याआधी झाकण उघडून व्हॉल्व्हवरचे नंबर दिसतील असे फोटो काढा, वजन करा, काढलेला प्रत्येक भाग परत हवा असं लिहून घ्या. परत घेताना आधी मीडियम वेव्हवर स्टेशन लावून दाखवायला सांगा, गाणं नंतर. पॉझिटिव्ह अर्थची गाडी असेल तर प्लेअर त्याच्या स्वतःच्या बॅटरीवरच चालवा, गाडीवर चार्ज करत वाजवू नका. आणि स्वतः आत हात घालू नका, चालू व्हॉल्व्ह सेटमध्ये दोनशेच्या आसपास व्होल्ट खेळत असतात.

दुसऱ्या एका जाणकाराने रिकामी पेटी पाहिली. त्याच मॉडेलचा, बंद का असेना पण आतून पूर्ण असलेला सेट मिळाला तर उभा करून देईन म्हणाला. तो शोधतोय. तोवर स्पीकरची वायर सोडवून ठेवली आहे, आणि वडिलांची गाणी मी हेडफोनवर ऐकतो.