टॉवेलचा दरतक्ता वेबसाइटवर कसा द्यावा: स्क्रीन रीडरच्या कसोटीवर पर्यायांची तुलना

सोलापुरातील टॉवेल आणि चादरींच्या कारखानदारांकडे दरपत्रक असतेच. बहुतेक वेळा ते एक्सेलमध्ये तयार होते आणि व्हॉट्सॲपवरून व्यापाऱ्यांकडे जाते. वेबसाइट करायची ठरली की हेच दरपत्रक तिथे कोणत्या रूपात द्यायचे, असा प्रश्न उभा राहतो. फोटो, पीडीएफ, एचटीएमएलमधील (वेबपाने लिहिण्याच्या भाषेतील) टेबल आणि कोडमधील वेगवेगळ्या डब्यांची, म्हणजे साध्या चौकटींची, जुळणी करून टेबलासारखी दिसणारी रचना, असे चार मार्ग समोर असतात. हे चारही पडद्यावर जवळजवळ सारखेच दिसतात. कानाला मात्र त्यांत जमीन-अस्मानाचा फरक जाणवतो. येथे कसोटी एकच धरली आहे: ३० बाय ६० इंची, ४०० जीएसएमच्या (म्हणजे दर चौरस मीटरला ४०० ग्रॅम वजनाच्या) टॉवेलचा डझनाचा दर एखाद्या दृष्टिहीन घाऊक खरेदीदाराला कोणाच्या मदतीशिवाय शोधता येईल का?

फोटोबाबत फार लिहिण्याची गरज नाही. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, त्यातील अक्षरे थेट वाचू शकत नाही, आणि संपूर्ण दरपत्रक पर्यायी मजकुरात (चित्राऐवजी वाचण्यासाठी कोडमध्ये लिहिलेल्या वर्णनात) कोंबले तर ऐकणाऱ्याला मागे-पुढे जाण्याची सोय नसलेला एक लांबलचक परिच्छेद सलग ऐकावा लागतो. हा पर्याय बाद धरावा.

पीडीएफचा विचार थोडा अधिक करावा लागतो, कारण छपाईसाठी आणि पाठवण्यासाठी ती सोयीची आहे. छापील कागद स्कॅन करून केलेली पीडीएफ ही शेवटी फोटोच होय. टॅग (रचना सांगणाऱ्या आतल्या खुणा) दिलेल्या पीडीएफमध्ये ओळी, रकाने आणि शीर्षके यांची ओळख टिकवता येते, परंतु ते टॅग हाताने तपासून दुरुस्त करावे लागतात आणि दर बदलले की बहुधा तेच काम पुन्हा करावे लागते. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. अनेक छापखान्यांमधील मराठी मजकूर अजूनही युनिकोडपूर्व (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र संकेत देणाऱ्या युनिकोड या प्रमाणाआधीच्या) फॉन्टमध्ये जुळवला जातो. अशा फाइलमध्ये डोळ्यांना ‘चादर’ दिसत असली तरी आत रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन खच साठवलेला असतो आणि स्क्रीन रीडर तोच वाचतो. त्यामुळे पीडीएफ ठेवायचीच असेल, तर मजकूर युनिकोडमध्ये आहे याची खात्री आधी करून घ्यावी. टॅगांचा प्रश्न त्यानंतरचा.

एचटीएमएलमधील खरे टेबल या सर्वांत सरस ठरते, मात्र ते नीट बांधलेले असले पाहिजे. सगळीच घरे ‘टीडी’ची (साध्या घराच्या टॅगची) असतील, तर ऐकणाऱ्याला आकडे ऐकू येतात, पण कोणता आकडा कशाचा हे कळण्यासाठी त्याला प्रत्येक वेळी वरच्या ओळीकडे परत जावे लागते. रकान्यांच्या शीर्षकांना ‘टीएच’ (शीर्षकाच्या घराचा टॅग) आणि शीर्षक कशाचे हे सांगणाऱ्या ‘स्कोप’ या गुणधर्मात ‘कॉल’ (रकाना), तसेच प्रत्येक ओळीच्या पहिल्या घराला ‘टीएच’ आणि ‘स्कोप’मध्ये ‘रो’ (ओळ) असे दिले की चित्र पालटते. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर वापरणारी व्यक्ती टी ही कळ दाबून थेट टेबलावर येते आणि कंट्रोल व ऑल्ट धरून बाणांच्या कळांनी घराघरांतून फिरते. दराच्या रकान्यात ती खाली सरकत गेली की आकड्याबरोबर त्या ओळीचे शीर्षकही ऐकू येते: ‘३० बाय ६०, ४०० जीएसएम’ आणि दर. उजवीकडे सरकली की रकान्याचे शीर्षक ऐकू येते. टेबलाला ‘कॅप्शन’ (टेबलाचे नाव) असेल, तर आत शिरतानाच हे टॉवेलचे दर आहेत की चादरींचे, हेही समजते. पानाची भाषा मराठी असल्याचे कोडमध्ये नोंदवणे विसरू नये. अन्यथा मराठी शब्द भलत्याच भाषेच्या आवाजात वाचले जाण्याची शक्यता असते.

खरी निवड येथून पुढे आहे. कारखान्याचे दरपत्रक बहुधा एकच मोठे असते: डावीकडे ‘टॉवेल’ हे घर बारा ओळींवर पसरलेले, त्याखाली ‘चादर’, वर ‘घाऊक’ आणि ‘किरकोळ’ या दोन शीर्षकांखाली प्रत्येकी दोन-दोन रकाने. अशी जोडलेली घरे ‘हेडर्स’ आणि ‘आयडी’ हे गुणधर्म वापरून (शीर्षकाला ओळखनाव देऊन आणि ते घरात नोंदवून) त्यांच्या शीर्षकांशी बांधता येतात, आणि तांत्रिकदृष्ट्या ही पद्धत योग्यही आहे. परंतु त्यासाठी प्रत्येक घरात हाताने नोंदी कराव्या लागतात, मध्ये एखादी नवी ओळ घातली की एखादी नोंद निसटते, आणि निसटलेली नोंद पाहणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. याउलट टॉवेलचे एक आणि चादरींचे दुसरे अशी दोन साधी टेबले केली, तर ‘स्कोप’ पुरतो आणि ऐकणाऱ्याला दर घरागणिक तीन-तीन शीर्षके ऐकावी लागत नाहीत. माझ्या मते दहापैकी नऊ दरपत्रकांसाठी तोडणे हेच जोडण्यापेक्षा बरे. सर्व माल एका दृष्टिक्षेपात दिसण्याची सोय थोडी कमी होते, हे मान्य. ती कमतरता पीडीएफ भरून काढते.

डब्यांच्या जुळणीला ‘टेबल’, ‘रो’ आणि ‘सेल’ या एरिया (ARIA, म्हणजे घटक काय आहे हे स्क्रीन रीडरला सांगणाऱ्या कोडमधील खुणा) भूमिका देऊन तिला टेबलाचे रूप देता येते. परंतु जे एचटीएमएल आपणहून देते ते हाताने पुन्हा उभारण्यात शहाणपण नाही. तयार सॉफ्टवेअरमधून तशीच रचना मिळत असेल, तेव्हाच हा मार्ग धरावा. मोबाइलवर टेबलाच्या ओळी मोडून त्यांची कार्डे करणारी शैली दिसायला सुबक असली, तरी ‘डिस्प्ले’ (घटक कसा मांडायचा हे सांगणारी शैलीची सूचना) बदलल्यामुळे काही ब्राउझरांत टेबलाची ओळखच पुसली जाते. त्याऐवजी टेबल तसेच ठेवून ते आडवे सरकणाऱ्या चौकटीत बसवावे आणि त्या चौकटीला नाव व कीबोर्डने पोहोचण्याची सोय द्यावी.

वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरच्या टेबल ब्लॉकमध्ये शीर्षकाची वरची ओळ एका बटनाने मिळते, पण ओळींच्या शीर्षकांसाठी तशी सोय नसते. दर वारंवार बदलणार असतील, तर कस्टम एचटीएमएल ब्लॉकमध्ये एकदा साचा करून घेणे अधिक परवडते.

कोणताही मार्ग निवडला तरी घरांतील मजकुराच्या दोन सवयी सोडाव्या लागतील. ‘वरीलप्रमाणे’ सुचवण्यासाठी घातलेली दोन टिंबे किंवा स्वल्पविराम ऐकणाऱ्याला काहीच सांगत नाहीत. तेथे दर पुन्हा लिहावा. रिकामे घरही संदिग्ध असते, कारण तो माल बंद आहे की दर भरायचा राहिला आहे, हे त्यातून कळत नाही. तेथे ‘उपलब्ध नाही’ असे लिहावे.

डब्ल्यूसीएजी या वेबसाइटच्या सुगमतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत माहितीची रचना आणि तिच्यातील संबंध कोडमध्ये दिसले पाहिजेत, ही अट १.३.१ क्रमांकाखाली, ए या सर्वांत मूलभूत पातळीवरच येते. आपल्या देशात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये संमत झाला आणि त्याचे कलम ४२ माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगमतेविषयी आहे. वेबसाइट बनवणाऱ्याशी करार करताना १.३.१ चा उल्लेख लेखी घ्यावा, आणि काम ताब्यात घेण्यापूर्वी पडदा बंद करून, एनव्हीडीए चालू ठेवून ३० बाय ६० चा दर त्याच्यासमोर शोधून पाहावा.